एका पायावरचा बगळा

पनवेल, ३ फेब्रुवारी २०२५

ती. भामाआत्यास,
मितेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ऑफिसात ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. पाय कसा आहे? जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरलीस, आता प्लॅस्टरच्या निमित्ताने का होईना, आराम चाललाय. मजा आहे बुवा एका माणसाची!

आमच्या ग्रंथालयात पक्ष्यांच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन आहे. चित्रांखालचे फलक मी लिहितोय, माझं पहिलंच मोठं काम. सोबतच्या प्रतीतला बगळा दोनशे वर्षांपूर्वी एका साहेबाने इथल्या चिताऱ्याकडून काढवून घेतला. विलायतेत तेव्हा एक पाय उचललेला पक्षी म्हणजे जागता पहारेकरी. आपल्याकडे तोच ध्यानाचं सोंग घेणारा लबाड. दोन्ही लिहिलंय. पुढच्या आठवड्यात छापायला जाईल. कसं वाटतं ते कळव.

लोभ आहेच, तोही प्लॅस्टरमध्ये घट्ट बांधून ठेव.
तुझा मितेश

जासई, ७ फेब्रुवारी

चि. मितेशला आत्याचे अ. उ. आ.

चित्र बगितलं. बाबा, हा बगला ध्यान करत नाय आन पहारा पन करत नाय. हा मेलेला हाय. चालीस वर्सां मासली इकली मी, डोला बघून ताजी का शिली सांगते. याचा डोला बसलाय. बगला पाय घेतो तो पोटाशी घेतो, याचा बाजूला लोंबतोय. गोली लागून मोडलाय. चिताऱ्यानं पुढं होता तसा काढला, त्याची काय चूक?

सून मनिषा कंटेनर यार्डात जाते, ती दिवे लागताना येते. दारावरून जानारी बोलतात, भामाबाय आरामात बसलीय. तू पन तेच लिवलंस. मी आराम करत नाय रे. मना उठता येत नाय.

ते लिवलेलं बदल, नायतर तुजं हसं होईल. येलेवर जेवत जा.
तुजी आत्या

पनवेल, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या कृष्णकांत सरांना भिंगातून तो डोळा दाखवला. त्यांनी लगेच छपाई थांबवली. आता फलकावर आहे : ‘मेलेला पक्षी समोर ठेवून काढलेलं चित्र. उजवा पाय मोडलेला. बघणाऱ्यांनी त्यात कधी पहारा पाहिला, कधी ध्यान. पारख : भामाबाई कोळी, जासई.’

तुझं बाकीचं पत्र वाचून मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासाभराचा रस्ता, आणि दीड महिन्यात मी एकदाही आलो नाही. शनिवारी चाकाची खुर्ची घेऊन येतोय, दोन दिवस राहायला. आपण बाजारात जाऊ. मासळी तूच निवड, माझ्या नजरेचा भरवसा नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा मितेश