खंड्याचं मत

प्रिय शेवाळराणी,

रागावू नकोस. आज गल्लीत सगळे तुला याच नावाने आठवतायत, आणि या खेपेला प्रेमाने. तळं वाचलं गं! आधी उठून एक गिरकी घे, मग पुढचं वाच.

सकाळी गल्लीच्या सभेची मंडळी विटभट्टीमागच्या तळ्यावर जमली. अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या मिशीकाकांनी, मातीचे ट्रक आधीच बोलावून ठेवले होते. तळं बुजवून गाड्या लावायला जागा करायची, फक्त हात वर करायचे बाकी होते. मी बेकरी तशीच टाकून पिठाच्या हातांनी धावले. काकांनी विचारलं, या हिरव्या डबक्यात जिवंत असं आहे तरी काय? मी पिठाचे हात पदराला पुसत राहिले. तुझ्यासारखं बोलता येतं होय मला!

आठवतं ना, दरवर्षी लोक हौसेने मोठे मासे आणून सोडायचे. ते उपाशी दिसले की आपल्याच बेकरीतला शिळा पाव फेकायचे. पाव कुजायचा, पाणी नासायचं आणि मासे उताणे. तू पाव बंद केलास, मासे सोडणं बंद केलंस आणि शेवाळ वाढवत बसलीस. केवढे हसले लोक! तू मात्र मला भट्टीपाशी उभं करून समजावलंस, की ताई, तू एवढी लाकडं जाळतेस, पण पावात उतरते ती जराशी ऊब, बाकीची भिंतींना आणि धुराड्याला. तळ्यातही तसंच. उन्हातली ऊर्जा शेवाळ धरतं, ते शेवाळ पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले टिपूसभर जीव, खातात, त्यांना चिमुकले मासे, त्यांना मोठे. खाणारा प्रत्येक जण बहुतेक सगळी ऊर्जा स्वतःच्या जगण्यातच उडवतो, पुढच्याच्या पदरात पडतो जेमतेम दहावा भाग. म्हणून खाली ढीग हवा, तेव्हा कुठे वर एकाचं पोट भरतं. आणि आपण वरचाच आधी आणून ठेवत होतो!

तर मी तशी हात पुसतेय, आणि वाळक्या फांदीवरून निळं काहीतरी सणकन पाण्यात शिरलं. खंड्या! चोचीत तडफडता मासा. वाटलं गिळेल, तर पठ्ठ्या थेट काठाच्या मातीतल्या बिळात घुसला, आणि आतून पिल्लांनी असा कालवा केला की काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग मला जी वाचा फुटली! भट्टीपासून पिल्लांपर्यंत सगळं सांगून टाकलं. तळं राखायला पहिला हात शिंपीणबाईंचा, मग सगळ्यांचे, शेवटी मिशी पिळत काकांचाही. ट्रक आल्या पावली परत गेले. मी ढसाढसा रडले आणि सगळ्यांना गरम पाव फुकट वाटले, तळ्यात टाकायचे नाहीत या बोलीवर.

आता हे सगळं फोनवर न सांगता लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तळं बुजलं की तळ्यांचा हा विषय कायमचा सोडीन, असं म्हणत तू त्या औषधांच्या कारखान्याला सोमवारी नोकरीचा होकार कळवणार आहेस. कळवू नकोस! पलीकडच्या वस्त्यांची माणसंही आज आली होती. त्यांचीही तळी मेलीयत आणि ती जगवायला त्यांना तूच हवीयस, रीतसर पगारावर. तुझं नाव सुचवलं कुणी, तर मिशीकाकांनी! सामान बांध आणि पिल्लं उडायच्या आत घरी ये.

तुझीच,
पीठमाखली ताई