उजेडात सुटणारी मिल

माय,

परवा नात घरी आली होती. तिला दोन कंपन्यांमधून बोलावणं आलंय आणि कुठं जावं ते ठरत नाहीये. मी म्हटलं, चांगली असेल तिथं जा. तर म्हणते कशी, "आजी, त्या दुसऱ्या कंपनीत सगळे घरच्यासारखे राहतात म्हणे, साहेबसुद्धा." झालं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हातातली परात दाणकन ओट्यावर आपटली मी. पोरगी बघतच राहिली, की कंपनीचं नाव काढल्याबरोबर आजीला चावलं तरी काय. तिला काय सांगू? तुझ्याशी भांडायचं राहून गेलेलं भांडण तिच्यावर काढण्यात अर्थ नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच. म्हणजे मधेच "गप बैस, तुले काय समजस" म्हणून मला तोडणार नाहीस, तेवढी तरी सोय झाली.

जळगावची ती डाळ मिल तुला जगातली सगळ्यात चांगली जागा वाटायची. गल्लीत कुणी कामाचं विचारलं की तुझी टकळी सुरू. "आमना शेठ देवमाणूस शे. दिन बुडाना आगोदर बायास्ले घर जाऊ देस." बाकीच्या मिलमधल्या बाया अंधारात, रेल्वेचं फाटक ओलांडून, एकमेकींचा हात धरून घरी यायच्या, आणि आपण मात्र गोदामाच्या पत्र्यावर ऊन असतानाच सुटायचो, हे खरंच होतं. पण का सुटायचो, माय? अगं, शेठ जैन. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. घरी जाऊन, हातपाय धुऊन त्यांना ब्याळू करायचं असायचं, म्हणजे आपलं ते संध्याकाळचं जेवण. आणि किल्ल्या ते कुणाच्या हाती देत नसत, पोटच्या मुलाच्यासुद्धा नाही. म्हणून शेठ गादीवरून उठले की मिल बंद. त्यांच्या ताटापायी आपल्याला उजेड मिळत होता. आणि जाताना मिलच्या फाटकात उभं राहून ते प्रत्येकीला पदर झटकायला लावायचे, कुणी मूठभर डाळ नेतंय का ते बघायला. तू मुकादमीण, तरी तू सगळ्यांच्या पुढे होऊन पदर झटकायचीस, तोही हसत हसत. मी अंग आखडून उभी राहिले की मला म्हणायचीस, "रीत शे ती. राग कसाना येस तुले?" सातवीची फायनल पास झालेली पोरगी मी, दिवसभर सुपात डाळ पाखडून संध्याकाळी चोरासारखा पदर झटकत होते, आणि तू मला राग का येतो म्हणून विचारत होतीस.

तुला तो उजेड बाकीच्यांपेक्षा जास्त लागायचा. ते फक्त मला ठाऊक होतं. दिवस कलला की तुला दिसेनासं व्हायचं. आबा गेले त्या वर्षापासून सुरू झालं ते, की आधीपासून होतं आणि आबांनी झाकून ठेवलं होतं, मला कधी कळलं नाही. आपल्या त्या एका खोलीच्या घरात तू ऊन असतानाच चूल पेटवायचीस, भाकरी थापायचीस, आणि दिवे लागायच्या आत चुलीशेजारी पाट मांडून जी बसायचीस ती सकाळपर्यंत जागची हलायची नाहीस. शेजारची जिजी दारातून डोकावून चिडवायची, "काय वं, शेठना धरम धरा का तू बी?" तू खो खो हसायचीस. "हाऊ, पुण्य लागस," म्हणायचीस. तुझं बोट मात्र माझ्या लुगड्याचा काठ घट्ट धरून असायचं. मुकादमिणीला दिसत नाही म्हटलं की दुसऱ्याच दिवशी काम गेलं, ही तुझी भीती. ती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. त्या कामावर आपण दोघी जगत होतो.

मग शेठ गेले आणि मुलाच्या हाती किल्ल्या आल्या. छोटे शेठ मुंबईला शिकून आलेले, त्यांना रात्रीच्या जेवणाचं वावडं नव्हतं. त्यांनी निवडणीच्या शेडमध्ये तारा ओढल्या, बल्ब लावले, नारळ फोडला. आपल्याला पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून मिल सात वाजेपर्यंत चालायला लागली. संक्रांतीनंतर तुरीची आवक एवढी की सातचे साडेसात कधी व्हायचे ते समजायचं नाही. बल्ब लावले ते बरोब्बर डाळीच्या ढिगांवर. अंगणात एक नाही. शेडपासून गोदामापर्यंत, जिथं तू दिवसातून शंभर वेळा पोती मोजायला जायचीस, तिथं मिट्ट काळोख. डाळीतला खडा दिसला पाहिजे, बाई दिसली नाही तरी चालेल. मी चिडून असं म्हटलं की तू म्हणायचीस, नवीन आहे, होईल सगळं हळूहळू.

मी हात टेकले नाहीत, हे तुला आठवत असेल. एकेकीला गाठलं. कुणाचं तान्हं घरी, कुणाची सासू दारात काठी घेऊन उभी, कुणाला रेल्वेच्या फाटकापाशी टोळकी छळायची. सगळ्यांचं म्हणणं एकच, की मिल पूर्वीसारखी उजेडात सुटू दे. हवं तर सकाळी लवकर येऊ. भांडण नाही, संप नाही, नुसतं जाऊन सांगायचं. कोण बोलणार? तर मुकादमीण. तू हो म्हणालीस. तोंडपाठ केलंस. चुलीपाशी बसून मला म्हणून दाखवलंस, "शेठ, बठ्ठ्या बायास्नं एकच सांगणं शे." मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

आणि काय केलंस? आपण सगळ्या जणी ऑफिसच्या दारात उभ्या. छोटे शेठ गादीवरून उठले, पुढे आले आणि वाकून तुझ्या पायाला हात लावला. "अक्का, तुम्ही मला कडेवर घेऊन खेळवलंय. तुम्हाला असं दारात उभं ठेवू का मी? या, बसा." घरच्या कपातून तुला चहा दिला. तुला आजवर त्या ऑफिसात कुणी बस म्हटलं नव्हतं. तू बशीत चहा ओतलास, तुझ्या डोळ्यांना पाणी. "काही अडचण आहे का अक्का, सांगा," ते म्हणाले. ते विचारत होते, माय! स्वतःहून विचारत होते! तू पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "काही नही शेठ. बठ्ठं चांगलं शे. तुमले आशीर्वाद देवाले उनूत." आशीर्वाद द्यायला आलो आपण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीच्या बाया एकमेकींकडे बघत निमूट परत सुपांवर जाऊन बसल्या. घरी आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले तुला. तू एवढंच म्हणालीस, की ज्याने पायाला हात लावला त्याच्याकडे काही मागायचं म्हणजे त्याला परकं करायचं. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आताही पटत नाही. घरच्या माणसाकडे मागायचं नाही, तर मग मागायचं कुणाकडे?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू अंगणात पडलीस. गोदामातून रिकामी पोती आणायला गेली होतीस, वाळवणाच्या ओट्याची पायरी चुकली. मी शेडमध्ये होते. तुझा आवाजसुद्धा आला नाही, पोती पडल्याचा आला. धावत गेले तर तू मनगट पोटाशी धरून बसली होतीस, आणि मला पाहून पहिलं काय बोललीस, "कोनले सांगू नको." मोडलेल्या हाताचं नाही, डोळ्यांचं. छोटे शेठ स्वतः टांग्यात घालून तुला दवाखान्यात घेऊन गेले. प्लास्टर होईपर्यंत बाहेर बाकावर बसून होते. दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत आले, दारातून वाकून आत शिरले, मोसंबी आणली, तुझी विचारपूस केली. सगळी गल्ली गोळा झाली. असा मालक मिळायला नशीब लागतं, असं जो तो म्हणत होता. आणि त्या संध्याकाळी मिल किती वाजता सुटली? साडेसातला. अंगणात बल्ब लागला होता का? नव्हता. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं ग. तो चांगलाच होता. तेच तर माझं भांडण आहे.

आता पुढचं तुला ठाऊक नाही ते सांगते. प्लास्टर निघाल्यावर तू परत कामावर आलीस, एक हात अजून सुजलेला. तू गोदामात होतीस तेव्हा मी एकटी ऑफिसात गेले. बस म्हणायची वाट पाहिली नाही. सांगितलं, "शेठ, माझ्या मायला अंधारात दिसत नाही. कितीतरी वर्षांपासून दिसत नाही." त्यांचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलं कसं नाही?" मी म्हटलं, "आता सांगतेय. आणि दुसरंही सांगते. मिल उजेडात सोडा. सगळ्याच बायांना हवंय ते." ते कानामागे खाजवायला लागले. मग म्हणाले, "ताई, अक्कांचं मी बघतो. पण बाकीचं कसं जमेल? बाजार माझ्यासाठी थांबतो का?" मी म्हटलं, "तुमच्या वडिलांसाठी थांबत होता की." त्यावर ते हसले. रागावले नाहीत, हे त्यांचं कौतुक करायचं तर कर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून अक्का ऊन असतानाच घरी जातील. वय झालं त्यांचं." कारण बोलले नाहीत, मी तशी विनंती केली होती. आणि तू! तू लग्नातल्या वरमाईसारखी चालत फाटकाबाहेर पडलीस. आम्ही आपल्या बल्बखाली सूप हलवत बसलो. बायांनी तुझ्याशी बोलणं कमी केलं, तेही तुला दिसलं नाही. मी घरी आले तर जिजी आणि दोन बाया बसलेल्या आणि तुझं चाललेलं, "मी त्याले सांगं नही, कोनीच सांगं नही. आपेआप समजनं त्याले! याले म्हनतस घरना माणूस." मी चहाचं आधण ठेवलं. तू ते वाक्य मरेपर्यंत म्हणत राहिलीस.

मी त्याच वर्षी धुळ्याच्या सरकारी कचेरीत लागले. तू एकदा बघायला आलीस आणि नाक मुरडलंस. इथं कुणी कुणाला पाणीसुद्धा विचारत नाही, साहेबाला तुझं नावही धड येत नाही, असली कसली ग नोकरी! खरं होतं. रूक्ष जागा होती. साहेब मला शेवटपर्यंत दुसऱ्याच बाईच्या नावाने हाका मारायचे. पण वेळ झाली की शिपाई खिडक्या लावायचा आणि आम्ही उठायचो. साहेबांना भूक लागलेली असो नसो, त्यांचा जीव आमच्यावर असो नसो. मी तुला ते समजावून सांगत होते, तू ऐकत होतीस, आणि शेवटी म्हणालीस, "पन तुले इथं कोनी अक्का म्हनस का?"

नातीला मी सांगितलं, तिथं सुटण्याची वेळ कोण ठरवतं ते आधी विचार. ती हसली. तिला माझं बोलणं जुनाट वाटलं असणार.

आता हे मिटवून ठेवते, पाकीट काही आणलेलं नाही. एकच राहिलं. प्लास्टर निघाल्यावर मी लगेच ऑफिसात गेले नव्हते. बरेच दिवस गेले मधे. तू भिंतीला हात लावत लावत अंगणातून जायचीस, छोटे शेठ ऑफिसच्या दारात उभे असायचे, आणि मी सूप हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत असायचे. आता दिसेल यांना, आता कळेल, मला जाऊन सांगावं लागणार नाही. रोज बघायचे. एवढी तुझ्यावर तोंडसुख घेणारी मी, पण माय, मीही वाटच बघत होते ग.