शेवटचा फर्मा

४ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. आधी वाईट बातमी उरकते. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं जाणार, कडेकडेचं उरेल. म्हणजे दार दिसेल, अक्षर दिसणार नाही. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, मार्चपर्यंत वाचायचं ते वाचून घ्या. चाळीस वर्षं व्यासपीठावरून हलक्या कादंबऱ्यांवर आग ओकणारी मी, उरलेले तीन महिने त्याच वाचणार आहे. हस खुशाल.

हल्लीच्या प्रेमकथांचा मला संताप येतो. नायिकेला स्वतःची नोकरी, स्वतःचं घर, स्वतःची गाडी. अक्कल तेवढी नायकाच्या खिशात! एका फोनने मिटेल असा गैरसमज दोनशे पानं ताणतात, मग तो विमानतळावर धापा टाकत येतो आणि सगळं माफ. कोणी काही कबूल करत नाही, कोणाला काही भोगावं लागत नाही. ही क्षमा नव्हे, हा आळस आहे.

रहस्यकथा त्या मानाने सरळ. त्यातही सोंगं आहेतच. प्रत्येक इन्स्पेक्टर दारुडा, प्रत्येकाची मुलगी त्याच्याशी अबोला धरलेली, आणि आता तर गोष्ट सांगणारीच वाचकाशी खोटं बोलते, अशी टूम निघाली आहे. मला तिचा फार राग येतो. पण निदान शेवटी कोणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवतं आणि नाव घेतं. नाव घेतल्याशिवाय पुस्तक मिटत नाही. हे मला पटतं.

म्हणूनच तक्रार करते. तू पाठवलेल्या तिन्ही रहस्यकथांना शेवटची पानं नाहीत. प्रेमकथा मात्र अख्ख्या! तुमच्या वाचनालयातली वाळवीसुद्धा निवडून खाते की काय? दुसऱ्या प्रती ताबडतोब पाठव. खुनी कोण हे कळल्याशिवाय मला आंधळं व्हायचं नाही.

लोभ आहेच, तो पानांच्या रूपाने दिसू दे.

तुझी ताई


१२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. किती, ते बघत बसले नाही. कामं होती.

वाळवी नाही. पानं मी काढली. एकतीस वर्षं या दुरुस्तीच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवतेय. सोळा पानं एकत्र दुमडून शिवली की त्याचा एक फर्मा होतो. तो शेवटचा फर्मा उसवायचा, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा पुन्हा चढवायचा. अर्ध्या तासाचं काम. तुला शिलाईत काही जाणवलं नाही याचा मला आनंद झाला. तिन्ही फर्मे मी वाचले. शेवट चांगले आहेत, दुसऱ्याचा तर फारच.

नाव घेतल्याशिवाय पुस्तक मिटत नाही म्हणतेस ना? मग घे नाव.

सव्वीस वर्षांपूर्वी आमच्याच वाचनालयाच्या सभागृहात तुझं व्याख्यान होतं. कादंबऱ्या वाचून मुली कशा बिघडतात याचा नमुना म्हणून तू एक प्रेमपत्र वाचून दाखवलंस. कोणाचं ते सांगितलं नाहीस. लोक पोट धरधरून हसले. पत्र माझं होतं, माझ्या खणातला कच्चा मसुदा. त्याची साफ प्रत मी दोनच दिवसांपूर्वी छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला दिली होती. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याला वाटलं, दोघी बहिणींनी मिळून त्याची टिंगल मांडली आहे. दुसऱ्याच वाक्याला उठून गेला. आठवड्याभरात नोकरी सोडली, शहरही सोडलं. माझी पत्रं न उघडता परत आली.

तू तेव्हापासून मला एकच सांगत आलीस: ते पत्र वाचनालयात परत आलेल्या कुठल्याशा कादंबरीत सापडलं, कोणाचं ते ठाऊक नव्हतं. गोष्ट सांगणारी खोटं बोलली की तुला राग येतो, हे वाचून मला हसू आलं.

खरं लिही, पानं मिळतील. आणखी दोन रहस्यकथा पाठवतेय, तशाच. प्रेमकथांचे शेवट काढले नाहीत. त्यात काढण्यासारखं काही नसतं, हे तुझंच मत.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

धाकटी


२५ जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद, आज जरा हात आखडून.

याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. आजारी माणसाच्या तोंडचा घास काढून घेणं म्हणतात! आणि कशासाठी? एका मुद्रितशोधकासाठी, जो दुसऱ्या वाक्याला उठून पळाला. ज्याला बाईचं पत्र शेवटपर्यंत ऐकवत नाही त्याच्याबरोबर तू जन्म काढणार होतीस?

भाषण तत्त्वासाठी होतं. त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. त्या काळात पंचवीस मुली माझ्यामुळे पुढे शिकल्या, त्यांना विचार.

बरं, एवढं मान्य करते की अक्षर मी ओळखलं होतं. पण तो सभागृहात आहे हे मला ठाऊक नव्हतं. झालं समाधान?

आता पाठव. नव्या पुस्तकात तीन मैत्रिणी भाड्याच्या बंगल्यात राहायला जातात आणि एक नाहीशी होते. माझा संशय घरमालकिणीवर आहे, कारण ती सगळ्यांना चहा विचारते. लेखिका हुशार आहे, वाक्यं आखूड लिहिते, डोळ्यांना ती बरी पडतात. इथल्या वृद्धाश्रमातल्या सिस्टरना मी शेवट काय होईल ते रोज विचारते. त्या म्हणतात, मावशी, झोपा आता.

हट्ट सोड, लोभ राहू दे.

ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अर्धं कबूल केलंस, म्हणून सोबत एक पान पाठवतेय, बंगल्याच्या गोष्टीतलं. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि बोलायला तोंड उघडतो, तिथे ते संपतं.

तुझ्या या पत्रातलं अक्षर जानेवारीतल्यापेक्षा दुपटीने मोठं आहे आणि ओळी उजवीकडे चढत गेल्या आहेत. लवकर लिहिलंस तर तुझ्याच सोयीचं.

घरमालकीण नाही. तुझा अंदाज नेहमीसारखाच ठाम आहे आणि चुकलाय.

धाकटी


१८ मार्च

धाकटे,

सिस्टरनी कागदावर पट्टी धरली आहे, तिच्या कडेने लिहिते. ओळ ओळीवर चढली तर लावून घे.

पत्र मी तुझ्या खणातून घेतलं. वाचायला म्हणून घेतलं. तीनदा वाचलं, मग ते माझ्या पर्समध्येच राहिलं. व्यासपीठावर चढले तेव्हा ते वाचून दाखवायचं ठरलं नव्हतं. तो तिसऱ्या रांगेत दिसला, नवीन शर्ट घालून आलेला. मग ठरलं.

तू गेली असतीस तर घरी मी एकटी उरले असते, हे एक कारण. दुसरं तू कधी विचारलं नाहीस. ते पत्र चांगलं होतं. इतकी वर्षं लोक मला तोफ म्हणत होते, आणि तसं एक वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. तुला सुचलं होतं, खळीने बरबटलेल्या हातांनी. सरळ वाचलं असतं तर सभागृहात चिडीचूप झालं असतं. मी ते बारीक, किनऱ्या आवाजात वाचलं. लोक पत्राला हसले नाहीत, माझ्या आवाजाला हसले. हे मला त्याच क्षणी कळत होतं आणि मी आवाज आणखी बारीक केला.

मी केलं. समजून केलं. आता पानं पाठव, कडेने का होईना, थोडं दिसतंय.

ताई


२ एप्रिल

ती. ताई,

हे पत्र सिस्टर तुला वाचून दाखवतील. त्यांना सांगून ठेवलंय की काही गाळू नका.

तुझं पत्र पोचलं त्याच दिवशी पानं धाडली असती तर कदाचित दोन-तीन शेवट तुला वाचता आले असते. मी दहा-बारा दिवस थांबले. विसरले नव्हते. काल सिस्टरनी फोनवर सांगितलं की आता भिंगानेही जमत नाही, तेव्हा लिहायला बसले. तू खरं लिहिलंस म्हणून मीही खरं लिहिते.

पाचही पुस्तकं, त्या सुट्या पानासकट, त्यांनी गेल्या आठवड्यातच परत पाठवली आहेत. फर्मे मी पुन्हा शिवले, आता ती अख्खी आहेत. शनिवारी मला सुट्टी असते. या शनिवारपासून येईन आणि वाचून दाखवीन. पहिल्या पानापासून, कारण अर्धं वाचून निकाल देण्याची तुला सवय आहे. मी वाचत असताना तू बोलायचं नाही. नायिका मूर्ख आहे, इन्स्पेक्टर दारुडा आहे, लेखकाला अक्कल नाही, यातलं काहीही नाही. बोललीस की पुस्तक मिटून मी बसने घरी.

तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही ते आत्ता सांगता येत नाही, तू घाई करू नकोस.

एका शनिवारी दहा पानं, अकरावं नाही. पुस्तकं पाच, प्रत्येक चारशेच्या घरातलं. जवळजवळ चार वर्षं लागतील. पाचव्यातला खुनी कोण ते कळायला हवं असेल, तर तोवर तुला जगावं लागेल.

शनिवारी चारला येते. खुर्ची खिडकीशी ठेवायला सांग, मलाही हल्ली उजेड लागतो.

तुझी धाकटी