भिंगरीला दुपारी जागे राहू देण्याबाबत

प्रति,
मा. बालसंगोपन अधिकारी,
पाळणाघर विभाग, नगर कार्यालय.

विषय : दुपारी न झोपणाऱ्या मुलीचे नाव पटावरून कमी न करणेबाबत.
संदर्भ : पर्यवेक्षिकाबाईंनी मुलीच्या आईस दिलेली अखेरची समज.

महोदया,

क्षणभर अशी कल्पना करावी की आपण अडीच वर्षांच्या आहात. नुकत्याच पोटभर झोपून उठल्या आहात, अंगात वारे भरले आहे, आणि दारातच बाई म्हणतात, "चला, आडवं व्हा." आपण काय कराल?

आमच्या भिंगरीचे रोज हेच होते. तिची आई रात्री रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरी धुते आणि दुपारी खाणावळीत भांडी घासते. रात्री मावशीच्या कुशीत पोर धड झोपत नाही. कुठे कडी वाजली की उठून बसते. सकाळी आई परतली की मायलेकी एका अंथरुणात दुपारपर्यंत गाढ. त्यामुळे भिंगरी पाळणाघरात येते ती टवटवीत, आणि नियम असा की नेमके तेव्हाच सर्वांनी झोपलेच पाहिजे. मग ती चटयांमधून फिरते आणि एकेकाच्या कानात "ऊठ ना" म्हणते. इतर मुले जागी होतात, ही तक्रार मला मान्य आहे.

बाईंनी उपाय सुचवला : सकाळी मुलीला झोपू देऊ नका. आई म्हणाली, "बाई, तिला मी जागं ठेवीन हो, पण मला कोण ठेवणार?" तरी नाव जाईल या धास्तीने तिने तेही केले. पातेली वाजवली, पोरीला पाण्याच्या टबात बसवले, स्वतःच्या डोळ्यांना पाणी लावले. अखेर मुलगी झोपली, पण वाटेत, आईच्या खांद्यावर. दारात उतरवताच जागी, आणि नियमाच्या वेळेला पुन्हा भिंगरी.

नाव कमी झाले तर आईची दुपारची नोकरी गेलीच. सबब विनंती, की झोपेच्या वेळी मुलगी माझ्या स्वाधीन करावी. मी पाळणाघरात गाणी शिकवायला येतो. मागच्या ओट्यावर आम्ही दोघे आवाज न करता चित्रे काढू. दुपारी मलाही झोप येत नाही. माझे नाव अजून कोणी कमी केलेले नाही.

कालचे सांगून थांबतो. मुलीला आत सोडून आई चपला घालून पायरीवर जरा टेकली, आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. बाई हाक मारणार, तोच भिंगरी बाहेर आली. झोपण्याआधी मुले जिथे बूट काढून ठेवतात त्या फळीकडे तिने पाहिले. आईच्या पायातली एक चप्पल हळूच काढली, तिथे नीट लावली, आणि दुसरी काढायला परत खाली बसली.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
(सही)
पाळणाघरातले गाणीवाले आजोबा, निवृत्त शिक्षक
दिनांक : ७ जुलै