गार मालाचा नंबर

२४ फेब्रु. २००४, मंगळ.
दिंडोरी रोडच्या पॅकहाउसवर माझा प्रोग्रॅम सुरू झाला. मालक भाऊसाहेबांनी जुना फळा पुसला, पण काढला नाही. खडूही तिथेच. "एक सीझन बघू. नाय जमलं तर फळा हाय," म्हणाले.
काम तसं सोपं. आवारात द्राक्षाच्या गाड्या उभ्या, आधी कोणती आत घ्यायची? फळ्यावर आल्या क्रमाने चालायचं. आता ज्याचा माल जास्त तापलाय त्याची गाडी आधी, कारण सुकतो तोच. सुरेखाताई फिरून फिरून मण्यात थर्मामीटरची सुई टोचते, आकडा ओरडते, मी भरते.

२५ फेब्रु.
फजिती. एक गाडी तापली, नवा आकडा स्क्रीनवर दिसतोय, पण गाडी आपली तळाशीच. हीपमध्ये, म्हणजे सगळ्यात तापलेली गाडी कायम शेंड्यावर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या रचनेत, बसलेल्याची किंमत बदलली आणि त्याला वर सरकवायचं राहिलं. आता कोणती गाडी हीपमध्ये कुठे बसलीय याची वेगळी नोंद ठेवलीय. आकडा बदलला की तिथे जायचं, तिला वर नाहीतर खाली न्यायचं.
दुपारनंतर गाड्या आपोआप जागा बदलू लागल्या. स्वतःवर जाम खूश. खोटं कशाला लिहू.

२७ फेब्रु.
आज आण्णांचा माल. माझ्या वडिलांची गाडी सगळ्यांच्या आधी फाटकात. विचारलं, माझा कितवा नंबर?
सांगता येईना. हीपला पहिला कोण एवढंच पक्कं माहीत. बाकीचे त्याच्याखाली, ढोबळमानाने. म्हटलं, ते बदलत राहतं, आण्णा.
"फळ्यावर कळायचं." एवढंच बोलले.
दुपार टळली तरी गाडी बाहेर. मागून आलेले आत जाऊन, रिकामे होऊन, चहा पिऊन घरी गेले. कोड पुन्हा पुन्हा तपासला. चूक नाही.
शेवटी उठून गाडीपाशी गेले. कडुनिंबाच्या सावलीत लावलेली. क्रेटवर ओलं बारदान, आणि आण्णा डब्यातून त्यावर पाणी शिंपडताहेत. हात लावला, गारेगार. म्हणजे सुई टोचली की आकडा कमी, आकडा कमी की गाडी खाली. शेजारी ज्यांनी उघडा माल उन्हात ठेवला ते पुढे.
समजावून सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "वैशे, मंग मी बी उन्हात लावू का?"
लाज वाटली. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

१ मार्च, सोम.
थांबण्यालाही वजन द्यायचं ठरवलं. आधी वाटलं, म्हणजे दर मिनिटाला सगळ्यांचे आकडे बदलत बसा. मग लक्षात आलं, घड्याळ सगळ्यांचं सारखंच पुढे जातं. आल्याची वेळ एकदाच किमतीत धरली की पुरे. नंतर बदलेल ती फक्त उष्णता. सुंदर सुटलं.
पण एक अंश म्हणजे किती मिनिटं? भाऊसाहेब म्हणाले, तू ठरव, शिकलेली तू. मिनिटं कमी धरली की आण्णा पुढे, जास्त धरली की मागे. बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकत होता. एक आकडा टाकला. योग्य म्हणून टाकला की बापासाठी, मलाच ठाऊक नाही. घरी फोन करून सांगणार होते, हिशेब बदललाय म्हणून. पण आधी चालतंय का बघू म्हटलं, आणि फोन राहिलाच.

३ मार्च
नवा हिशेब चालतोय. सकाळी झाकून आणलेला एक गार माल फार न रखडता आत गेला. बरं वाटलं.
मग आण्णांची गाडी आली, आज उशिरा. कडुनिंबाखाली जागा मोकळी होती. तिथे नाही, समोर उन्हात लावली. क्रेट उघडे. खिडकीतून विचारलं, बारदान विसरलात का?
"नाय. घरी ठेवलं."
हिशेब बदललाय, गार माल आता मागे पडत नाही, हे सांगायला उठले तोवर सुरेखाताईने सुई टोचून आकडा ओरडला. आजवर सगळ्यात मोठा. बरोबर असेल तो भरायचा, हा नियम माझाच. भरला. गाडी सरसर वर सरकली, पहिली.
आण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जमलं म्हणून.