कागदाचा फिल्टर

कबनूर, ९ फेब्रुवारी १९९८

चि. मनाली हिस,
अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती पुन्हा माझ्यावर ओरडायला लागली आहे.

पत्रास कारण आपला ट्रक. एकोणसाठ सालचं इंजिन कधी कुरकुरलं न्हाय, पण पंधरा दिवस काळा धूर ओकतंय. सुताच्या गाठी भरल्या की चढाला दम टाकतंय. गणपतराव मिस्त्री म्हणतो, इंजिन संपलं, भंगारात घाला. एअर फिल्टरच्या तळची, धूळ धरणारी तेलाची वाटी गंजून गळायला लागली, म्हणून मी अख्खा फिल्टरच काढून हवेच्या पाइपाच्या तोंडाला आईच्या लुगड्याचं फडकं बांधलंय. पुण्याच्या जुन्या बाजारात मूळची वाटी मिळती का बघ. पाइपाचं माप म्हणून दोरा पाकिटात घातला आहे.

ट्रक गेला तर तुझा बाप घरात बसून करणार काय? जिवाला जप.

तुझा दादा,
बाबासो

पुणे, २१ फेब्रुवारी

ती. दादा यांस,
मनालीचा सा. न. व जयभीम.

दादा, इंजिन संपलेलं नाही, तुम्ही त्याचं नाक दाबलंय! कबनुरात मागांचा कापूस हवेत उडतो, फडकं दोन दिवसांत बुजतं. हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही, तोच काळा धूर.

रविवारभर बाजार पालथा घातला. एक वाटी मिळाली, तीही भोकं पडलेली. म्हणून दोऱ्याच्या मापाचा कागदाचा फिल्टर डब्यासकट एस.टी.नं पाठवते आहे. कागद बघून नाक मुरडू नका. बसवल्यावर चालू इंजिनात त्याच्या तोंडावर फळी दाबा. इंजिन बंद पडायला हवं. नाही पडलं, तर कुठून तरी धुळीची हवा चोरून आत शिरते आहे.

माझं म्हणाल तर इंजिनांच्या कंपनीत शिकाऊ म्हणून घेतलं, तरी मला अजून रजिस्टरच भरायला देतात. पान्हे मुलांच्या हाती. परत यावंसं वाटतं. आईला एवढ्यात सांगू नका. तिची माया आहेच, तुमचीही राहू द्या.

मनाली

कबनूर, ८ मार्च

चि. मनाली हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

गणपतराव म्हणाला, पोरीच्या चिठ्ठीवर इंजिन चालत न्हाय. मग मीच बसवला. फळी दाबली तर इंजिन आपलं सुरूच! तासभर धुंडाळल्यावर रबरी पाइपाची खालची पट्टी ढिली सापडली. आवळली, पुन्हा फळी दाबली, आणि इंजिन गप. गाडी बंद पडली म्हणून नाचणारा गावातला पहिला ड्रायव्हर मीच.

परवा भरल्या गाडीनं आंबा घाट एका दमात चढलो. गणपतराव स्वतःहून आला, तुझं पत्र मागून दोनदा वाचलं. खालचं त्यानंच लिहिलंय. परत यायचं तर ये, घर तुझंच आहे. पण आधी त्याला उत्तर दे.

बाबासो

मनालीताईस नमस्कार. माझ्याकडं एक जुना ट्रक आलाय, फिल्टर चांगला हाय तरी काळा धूर. काय बघू? कळवा.
गणपतराव मिस्त्री

पुणे, १७ मार्च

ती. दादा यांस,
सा. न. व जयभीम.

गणपतरावकाकांचा प्रश्न मला सुटेना. पत्र घेऊन थेट साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं विचारून घेतलं, मला शेडमध्ये तसाच धूर सोडणाऱ्या इंजिनापाशी नेलं आणि म्हणाले, उत्तर तूच शोध. चौथ्या दिवशी सापडलं. काकांना सांगा, नोझल काढून बघा, डिझेलचा फवारा न उडता थेंब गळत असतील.

मी एवढ्यात परत येत नाही. इंजिन माझ्या हातानं उघडलंय, माझ्याच हातानं सुरू करून मग येईन. आईला आता सगळं सांगितलंत तरी चालेल.

आपली लाडकी,
मनाली