ग्रंथपाल ऑनलाइन आहेत

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०

काल अमरावतीला कार्यशाळा. विषय: ग्रंथपाल, नवे तंत्रज्ञान आणि सोशल मीडिया. साठ ग्रंथपाल आले होते. एकोणसाठ डुलक्या घेत होते, मी नोट्स घेत होतो. जेवणानंतरच्या नोट्सचं अक्षर लागत नाही, पण घेतल्या. येताना स्टँडवर गिलावडा खाल्ला. तो अजून वर येतो आहे.

संकल्प: आपलं मूर्तिजापूरचं वाचनालय अडीच महिन्यांत डिजिटल करायचं. ३१ मार्चला मला साठ पूर्ण. कार्यकारिणीने मनात आणलं तर दोन वर्षं मुदतवाढ. अध्यक्ष शेषराव. तो आणि मी, शेषराव आणि खुशाल, पाचवीपासून एका बाकावर. म्हणजे मुदतवाढ खिशात. तरी दाखवायला काहीतरी हवं.

सहायक ग्रंथपाल वर्षालीला धक्का बसेल. बारा वर्षं तिचा डोळा माझ्या खुर्चीवर आहे. बोलत नाही, पण मला कळतं.

सायं. ६.३०. सुरुवात घरापासून. जयवंताला फोनवर कमेंट कशी करायची ते शिकवलं. तासभर गेला. म्हणाली, मले कायले पायजे हे? मी जे काय हाये ते तोंडावर बोलते ना. बायकोला तंत्रज्ञान जमणं कठीण आहे. सोडून दिलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. ‘आपले डिजिटल वाचनालय’. १८६ सभासद, कोणालाही न विचारता. कार्यशाळेत यालाच आउटरीच, म्हणजे लोकांपर्यंत पोचणं, म्हणाले होते.

दुपारपर्यंत तिळगुळाची एकशेचाळीस चित्रं. शेवटी सेटिंग बदललं: फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. अ‍ॅडमिन मी. वर्षाली म्हणाली, सर, मग लोकं बोलतीन कसे? मी भिंतीकडे बोट केलं. ‘शांतता राखा’ हा नियम पन्नास वर्षं तिथे आहे. तो ऑनलाइनही लागू.

ग्रुप आता अत्यंत शिस्तबद्ध आहे.

२० जानेवारी, सोमवार

पहिला रील. मी कपाटासमोर उभा, हाताची घडी. वाक्य स्वतः लिहिलं: ‘या वाचनालयातलं एकही पुस्तक मला अनोळखी नाही!’ खरंच आहे. चौतीस वर्षं शिक्के मीच मारले.

चोवीस व्ह्यूज. त्यातले पंधरा माझे. शेषरावची कमेंट: लाइट कमी कर बे, डोक्यावरून परत येऊन राहिला. कॅमेऱ्याचा अँगल चुकला होता. उद्यापासून टोपी.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मोठं काम केलं. ऐतिहासिक.

आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानाला कागदी खिसा, त्यात कार्ड. पुस्तक नेताना तारीख घालून सही करायची. पुस्तक गेलं की कार्ड आमच्याकडे, आलं की परत खिशात. काही कार्डांवर साठ वर्षांच्या सह्या. कार्यशाळेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या, कोण काय वाचतो हे गुप्त राहिलं पाहिजे, याला प्रायव्हसी म्हणतात. इथे तर उघड्यावर सगळं! म्हणून बारकोड चिकटवले आणि कार्डं काढली. नऊ हजार चारशे. सात पोती झाली. इनायतुल्लाच्या रद्दीच्या गोदामात पाठवून दिली.

वर्षाली आडवी आली. म्हणे, सर, हे नका देऊ, लोकं तेच पाहून पुस्तक नेतात. मी हसलो. लोक पुस्तक पाहून पुस्तक नेतात, एवढं साधं बारा वर्षांत हिला कळलं नाही. हिला माझी खुर्ची हवी!

१० फेब्रुवारी, सोमवार

तानुबाई आली होती. बाजारात मेथी-सांबाराच्या जुड्या विकते, दुपारी वाचायला पुस्तक नेते. तिने पुस्तक उघडलं ते थेट मागून. बारकोडावरून बोट फिरवलं. विचारते, हे कोनं वाचलं? मी म्हणालो, ती माहिती गोपनीय आहे. म्हणाली, मंग मले कसं समजंन चांगलं हाये का वाईट? जयवंताबाईची सई दिसली का डोये मिटून पुस्तक घरी. आन् शेषरावभाऊची दिसली का परत कपाटात.

तिला समजावलं, की आता माणसांच्या आवडीनिवडीवर अवलंबून राहायचं नाही. मी चॅटबॉट बसवला आहे, नाव ‘ग्रंथमित्र’. त्याला विचारा. ग्रंथमित्राने तिला ‘मेथीच्या वाफ्यातली माणसं’ ही कादंबरी सुचवली. पानं २१४, कपाट क्रमांक चार. तानुबाई खूश. मीही खूश.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस कपाट चार उपसतो आहे. शिंका. अशी कादंबरी नाही. कुठेच नाही. ग्रंथमित्राला जाब विचारला. त्याने अत्यंत नम्रपणे माफी मागितली आणि तिचा दुसरा भाग सुचवला.

तानुबाई रिकाम्या हाताने गेली. म्हणाली, तुमचा मित्र लबाड हाये जी. मी ग्रंथमित्राची बाजू घेतली. तो नवीन आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रोजची हजेरी बावन्नवरून अकरावर आली. अकरा म्हणजे पेपर वाचणारे. याचा अर्थ लोक घरबसल्या डिजिटल सेवा घेत आहेत. अहवालात तसं लिहिलं.

वर्षाली आठवडाभर रोज चार वाजता निघून जाते. काम आहे म्हणते. जयवंताही चारला बाहेर पडते. भजनाला म्हणे. फोन घेऊन! भजनाला फोन कशाला, विचारलं तर म्हणाली, तुमी नाई का देवघरात नेत? तो मुद्दा वेगळा आहे.

शेषराव रस्त्यात भेटला. मुदतवाढीचं काढलं तर पाहू ना बे म्हणाला आणि चहा न पाजता गेला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. मराठी भाषा गौरव दिन. सायं. ७

जे झालं ते सगळं लिहिणार.

चार वाजता फेसबुक लाइव्ह ठेवलं होतं. विषय: डिजिटल युगातील मराठी वाचक. वक्ता मी. बॅनर, हार, चाळीस खुर्च्या. खुर्च्यांवर कोणी नाही. लाइव्हवर एक प्रेक्षक. माझाच दुसरा फोन.

पंचवीस मिनिटं बोललो. मग लोकांना बोलवायला बाहेर पडलो. इनायतुल्लाच्या गोदामापुढे चपलांचा ढीग. त्यात जयवंताची अंगठा शिवलेली चप्पल. मी ती ओळखतो, मीच शिवून आणली.

आत सगळं गाव. माझी सात पोती उघडून, सतरंजीवर कार्डं पसरून, लोक सह्या शोधत बसलेले. वर्षाली एकेका कार्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकत होती. फेसबुक ग्रुप, नाव ‘मागचं पान’. तीनशे बारा सभासद. तिवशापासून अकोल्यापर्यंतचे, मुंबई-पुण्याला गेलेलेसुद्धा. सगळे बोलतात. सगळे! कोणाला मेलेल्या बापाची सही सापडते, कोणाला शाळेतल्या मैत्रिणीची. मग ते पुस्तक कुठे मिळेल म्हणून विचारतात. तानुबाई नावं मोठ्याने वाचत होती. शेषराव स्वतःची सोळाव्या वर्षीची सही हातात धरून चक्क रडत होता. माझ्या लाइव्हला यायचं सोडून.

मला पाहून सगळे गप्प झाले. माझ्या ग्रुपवर असतात तसे.

इनायतुल्ला पुढे आला. म्हणाला, भाऊ, पोतं उघडलं तं वरच फरजानाची सई होती. माझी बायको. जाऊन नऊ वर्षं झाले. तिच्या हातचं मराठी अक्षर, मले कुठं ठावूक होतं ती इतकी पुस्तकं नेत होती? हे मी लगद्याले कसं देऊ, तुमीच सांगा.

जयवंताने पोत्यावरून सरकून मला जागा केली. चहाही ओतला. मी प्यायलो नाही. वळलो आणि आलो.

वाईट वाटलं. लपवून काय करू, फार वाईट वाटलं. बायको, मित्र, सहायक, एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर. आणि एकाने तरी सांगावं की नाही? चौतीस वर्षं मी यांना पुस्तकं दिली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांना माझ्या ग्रुपमधून काढलं. एकेक करून. ग्रुपमध्ये आता दोघं आहेत: मी आणि माझा दुसरा नंबर.

ग्रंथमित्राला विचारलं, विश्वासघात झाला तर काय करावं. त्याने पाच उपाय दिले. पाचवा: जवळच्या वाचनालयात जा, मन रमेल.

५ मार्च, बुधवार

जयवंताशी बोलणं बंद. भाजीत मीठ कमी असलं तरी सांगत नाही. तीच बोलते. आज म्हणाली, ग्रुपवर नवीन खेळ सुरू हाये. गावातल्या सगळ्यायच्या सया सापडल्या, फक्त तुमची नाई. तानुबाईनं इनाम लावलं, जो शोधंन त्याले सात दिवस मेथी.

हा थेट चारित्र्यावर हल्ला आहे. ग्रंथपालाने सही कशाला करायची? एसटीचा कंडक्टर कधी तिकीट काढतो का? मी तसं म्हणालो. (म्हणजे बोलणं सुरू झालं. इलाज नव्हता.) जयवंता म्हणाली, पन कंडक्टर गाडीत बसतो तरी.

९ मार्च, रविवार

कार्यकारिणीची बैठक. मी अहवाल नेला होता, एकवीस पानी, रंगीत आलेख. हजेरीचा आलेख उलटा धरला की छान वर जातो.

शेषरावने तो चाळला. मागून. म्हणाला, खुशाल, तुयं तंत्रज्ञान चांगलं हाये बे, पन लोकं पायजे ना. वर्षालीच्या ग्रुपमुळे सत्तावन्न नवे सभासद झाले. कार्डं परत खिशात घालायचं ठरलं, बारकोड राहू द्यायचे. मुदतवाढ नाही. एक एप्रिलपासून ग्रंथपाल वर्षाली. मला शाल, श्रीफळ.

पाचवीत या माणसाला मी गणितं दाखवली होती. चुकीची निघाली, पण दाखवली होती! त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर वर्षाली म्हणाली, सर, मी मागितलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

३१ मार्च, सोमवार. ईद

साठ पूर्ण. सेवेचा शेवटचा दिवस आणि वाचनालयाला सुटी. निरोप समारंभ उद्या ठेवला आहे. उद्या मी ग्रंथपाल नसणार, म्हणजे निरोप कोणाला, हे कार्यकारिणीलाच ठाऊक.

सकाळी ११. इनायतुल्ला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. जयवंता आत गेल्यावर त्याने कुर्त्याच्या खिशातून एक कार्ड काढलं. काल शेवटच्या पोत्याच्या तळाशी सापडलं. माझी सही. ४ जून १९९७. परतीचा रकाना रिकामा.

पुस्तकाचं नाव: ‘टक्कल: कारणे आणि घरगुती उपाय’.

इनायतुल्ला हळूच म्हणाला, कोनाले दाखवलं नाई भाऊ, तुमची अमानत हाये. आज माझा ऊर भरून आला. अख्ख्या मूर्तिजापुरात एक माणूस निघाला, ज्याने मला दगा दिला नाही. आणि त्यालाच मी रद्दीवाला म्हणत होतो.

दुपारी २. पुस्तक माळ्यावर मिळालं, दिवाळीच्या पणत्यांखाली. खूण सतराव्या पानावर. खूण म्हणजे अकोल्याचं एसटीचं तिकीट. काढलेलं! जयवंताला दाखवायला हवं.

त्याच्या पुढे वाचलंच नव्हतं. आज वाचलं. चाळीस पानं सलग. भाषा सोपी आहे. जास्वंदीचं प्रकरण उत्तम आहे. आवडलं आणि ज्याला सांगावं असा कोणी नव्हता.

दुपारी ४. विचार केला, लपवायचं कशाला. वर्षालीला मेसेज केला, ग्रुपमध्ये घे. एका मिनिटात घेतलं. नियम एकच म्हणाली: आल्यावर आपल्या सहीचं कार्ड टाकायचं. टाकलं. माझ्याकडे एकच होतं.

सायं. ५. एका तासात दोनशे चार लाइक्स. माझ्या सगळ्या रील्सची बेरीज करून चाळीस होते. तानुबाईने इनायतुल्लाला मेथी जाहीर केली. शेषराव लिहितो, ये उद्या लवकर, चहा पाजतो. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आठवड्याने देईन. निदान उद्यापर्यंत तरी नाही.

सायं. ५.२०. नवी कमेंट. जयवंताची, स्वयंपाकघरातून: ‘काहीच फरक पडला नाई. मी साक्षीदार हाओ.’

सायं. ५.४०. तिच्या कमेंटला तीनशे अकरा लाइक्स. पहिला वर्षालीचा. दुसरा इनायतुल्लाचा.

आता शोधून काढायचं आहे, की या बाईला कमेंट करायला शिकवलं कोणी. मागची पानं चाळली. १२ जानेवारी, सायंकाळी साडेसहा. तासभर गेला होता.